पप्पा, छोट्याची पाठ आणि इथला एक बॉलर

कोलंबस, इंडियाना
२४ नोव्हेंबर २०२४

ती. पप्पा आणि आईस सा. न.

फोनवर हे सगळं बोलून होत नाही, मी विषय काढला की तुम्ही "बरं बरं, जेवलास का" म्हणता आणि फोन आईकडं देता, म्हणून आज रविवार आहे तर निवांत टाईप करत बसलोय. काल रात्रभर पर्थची टेस्ट बघितली, जैस्वालचे १६१ आणि कोहलीची सेंच्युरी, झोप अशी झालीच नाही. तुमच्याकडं तर आदल्या दिवशी निवडणुकीचे निकाल पण होते, म्हणजे रिमोटवरनं तुमचं आणि काकांचं वाजलं असणार.

तर मुद्दा छोट्याचा. आईनं मला सांगितलंय (तिला काही बोलू नका) की तो सकाळी कॅम्पला जातोय, दुपारी क्लबची मॅच असली तर ती खेळतोय आणि रात्री लाईटमधल्या टेनिस बॉलच्या स्पर्धेत परत बॉलिंग टाकतोय, पाठ धरलीय तरी तुम्हाला सांगत नाही कारण तुम्ही म्हणणार आम्ही दिवसाला पंचवीस ओव्हर टाकायचो. टाकायचात, माहितेय मला. पण मी या वर्षी इथं एका पोराच्या मागं लागलोय, म्हणजे बघायच्या बाबतीत, त्याची गोष्ट ऐका मग काय ते ठरवा.

पॉल स्कीन्स नाव त्याचं. बेसबॉलचा पिचर, म्हणजे आपला बॉलर. सहा फूट सहा इंच, या मे महिन्यात २२ पूर्ण झाला. एप्रिलमध्ये ऑफिसातल्या लोकांनी इंडियानापोलिसला मॅचला नेलं, आमच्या इथनं सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर, सरळ हायवे. ग्रुपमध्ये निम्मे पुण्याच्या कमिन्स कंपनीतनं आलेले आपलेच, त्यातल्या कुणालाच बेसबॉल कळत नव्हता, सगळे व्हिक्टरी फील्डच्या लॉनवर चादर टाकून चिवडा खायला आले होते. पण हा पोरगा टाकायला लागला आणि सगळे गप्प झाले. रनअप नाही काही नाही, दहा इंचाच्या उंचवट्यावर उभा राहतो, एक पाय उचलतो आणि बॉल शंभर मैलांनी जातो, म्हणजे ताशी १६१ किलोमीटर, आणि अंतर साडेसाठ फूट, आपल्या पिचपेक्षा पण कमी, टप्पा बिप्पा काही नाही. त्याचा एक बॉल आहे त्याला स्प्लिंकर म्हणतात, जोरात येतो आणि बॅटजवळ आल्यावर खाली बसतो, बॅट वरनं फिरून जाते. तेव्हापासनं मी याला फॉलो करतोय.

आता इथली व्यवस्था सांगतो, तुम्हाला आवडेल. वर तीस मोठ्या टीम आहेत, त्यांना मेजर लीग म्हणतात, आणि प्रत्येक टीमच्या खाली तिला जोडलेल्या चार चार छोट्या टीम, सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए, सगळ्यात खाली आणखी ट्रेनिंगची एक. मिळून १२० टीम, २०२१ च्या आधी १६० होत्या, मग कापल्या, कित्येक छोट्या गावांची टीमच गेली. आपल्याकडं जिल्हा, इन्व्हिटेशन, रणजी असं वर जातात तसंच, पण एक मोठा फरक आहे, इथं खालची टीम मॅच जिंकली का हरली याचं वरच्या मालकाला फार काही नसतं. त्याला पोरगा तयार करायचा असतो. त्यामुळं बॉलर मस्त टाकत असला, एक रन दिला नसला, तरी ठरलेले बॉल झाले की त्याला काढतात. आपल्या शिवाजी स्टेडियमवर असं केलं तर कॅप्टनला लोक घरी जाऊ देणार नाहीत.

स्कीन्स आधी एअर फोर्स अकॅडमीत होता, तिथं कीपिंग पण करायचा (कॅचर म्हणतात), मग लुइझियाना स्टेटला गेला आणि २०२३ ला कॉलेजची मोठी स्पर्धा जिंकून दिली, एका सीझनला २०९ लोकांना स्ट्राइकआऊट केलं (तीन स्ट्राइक झाले की बॅट्समन बाद, ते). मेजर लीगच्या पिट्सबर्ग पायरेट्सनं त्याला ड्राफ्टमध्ये (नवीन पोरं वाटून घेतात ते) पहिल्या नंबरला उचलला, ९२ लाख डॉलर सही करायलाच दिले. आता तुम्ही म्हणाल एवढे पैसे दिलेत तर दुसऱ्या दिवशी खेळवा की. नाही. त्या वर्षी त्याला प्रोफेशनलमध्ये किती टाकू दिलं माहितेय का, तीन वेगवेगळ्या लेव्हलला पाच मॅच आणि सगळ्या मिळून सात इनिंगसुद्धा नाहीत (इथली इनिंग म्हणजे तीन आऊट, एका मॅचला प्रत्येक टीमच्या नऊ). कॉलेजात १२२ इनिंग झाल्या होत्या ना, बास, हात थकलाय, बसा. आधी फ्लोरिडात, मग अल्टूना म्हणून पेनसिल्व्हेनियात डोंगरातलं गाव आहे तिथं डबल-एला. (त्या ग्राउंडच्या मागं एक रोलर कोस्टर आहे, फोटो बघितलाय मी, आईला दाखवतो, ती म्हणेल मॅच कोण बघतंय.)

मग या वर्षी इंडियानापोलिसला, पायरेट्सच्याच ट्रिपल-ए टीमकडं. सात मॅच, सत्तावीस इनिंग आणि वर एक आऊट, ४५ स्ट्राइकआऊट, आणि बॉलरचे दिलेले रन नऊ इनिंगला किती पडतात ते इथं मोजतात तो आकडा ०.९९. तीन रन दिले हो अख्ख्या सातात! तरी आठवड्यातनं एकदाच टाकायचा, सुरुवातीला तीन-साडेतीन इनिंग की बाहेर, मग हळूहळू वाढवत नेलं. लॉनवरचे म्हातारे लोक ओरडायचे, अजून एक इनिंग द्या की त्याला. कोण ऐकत नाही. एक गंमत म्हणजे ट्रिपल-एत अंपायरच्या कानात कॉम्प्युटर सांगायचा बॉल बरोबर पडला का नाही ते, आणि वीकेंडला माणूस निर्णय द्यायचा आणि खेळाडू चॅलेंज करायचे. काकांना सांगा, त्यांना सगळे अंपायर विकलेले वाटतात, त्यांना इकडं आणू.

पण सगळं पोराच्या हाताच्या काळजीनंच चाललेलं असंही नाही, तेवढे साधे हे लोक नाहीत. मेजर लीगमध्ये १७२ दिवस भरले की एक वर्ष धरतात आणि अशी सहा वर्षं झाली की खेळाडू मोकळा होतो, पाहिजे तिकडं जातो. त्यामुळं सुरुवातीला काही आठवडे खालीच ठेवला की क्लबला फुकटात आणखी एक वर्ष मिळतं. लोक हेच म्हणत होते की हाताचं नाव पुढं करतायत आणि कॅलेंडर बघतायत, आणि मला तर वाटतं दोन्ही खरं होतं. पण नवीन नियम असा आहे की नवख्यांच्या मतदानात पहिल्या दोघांत आला तर पूर्ण वर्ष द्यावंच लागतं. या सोमवारी निकाल लागला, नॅशनल लीगचा (मेजर लीगचे दोन भाग आहेत त्यातला एक) सगळ्यात चांगला नवखा खेळाडू स्कीन्स, ३० पैकी २३ पहिली मतं. म्हणजे क्लबचं ते वर्ष गेलं. मला लई आनंद झाला, उगाच.

आणि बाकीच्या पोरांचं सांगायचं राहिलं. या एकाला ९२ लाख, पण त्याच ड्रेसिंगरूममध्ये ट्रिपल-एचा पगार वर्षाला ३५,८०० डॉलरपासनं सुरू होतो, आणि हा सुद्धा २०२३ ला युनियननं भांडून घेतला, आधी १७,५०० होता. वर गेला की त्याच माणसाला २०२४ ला कमीत कमी ७,४०,०००. यातले बरेच जण वर जात नाहीत. क्विन प्रीस्टर म्हणून एक होता, २०१९ चा पहिल्या राउंडचा, त्याचं पण असंच कौतुक झालं होतं, जुलैमध्ये त्याला बॉस्टनला देऊन टाकला. आणि तुम्हाला ते रिंकू सिंग आणि दिनेश पटेल आठवतात का, यूपीचे भाला फेकणारे, २००८ ला स्पर्धेत निवडून अमेरिकेला आणले होते, सिनेमा पण निघाला त्यांच्यावर? ते याच पायरेट्सचे! दिनेश दोन वर्षांत परत गेला, रिंकू सिंगल-एच्या वर गेला नाही, हाताला दुखापत झाली, शेवटी कुस्तीत गेला, टीव्हीवरच्या. मला हे इथं येऊन कळलं.

तर स्कीन्स ११ मे ला वर गेला. पहिली मॅच मी घरी लॅपटॉपवर बघितली, ८४ बॉल टाकले त्यातले १७ शंभर मैलांच्या वर, सात स्ट्राइकआऊट, मग त्याला काढला आणि मागनं आलेल्यांनी नुसते वाईड टाकून टाकून सहा रन दिले, मधे पाऊस, दोन तास मॅच बंद, शेवटी १०-९ जिंकले. बॉलर बदलला की काय होतं त्याचं उदाहरण म्हणून तुम्ही हे माझ्याविरुद्धच वापराल, माहितेय. पण पुढचं ऐका. पुढच्याच मॅचला शिकागोत सहा इनिंग एकही हिट दिली नाही (म्हणजे कुणालाच बॉल मारून बेस गाठू दिला नाही), ११ स्ट्राइकआऊट, शंभर बॉल झाले, काढला. जुलैमध्ये मिलवॉकीला तर सात इनिंग एक हिट नाही, अजून दोन इनिंग टाकल्या असत्या तर रेकॉर्डबुकात नाव, ९९ बॉल झाले होते, काढला. लोकांनी मॅनेजरला शिव्या घातल्या आणि मी पण घातल्या, आपल्याच मराठीत, शेजारी कुणी नव्हतं. त्यानंतर पाच दिवसांनी तो ऑल-स्टार मॅचला, म्हणजे दोन्ही लीगच्या निवडक खेळाडूंच्या मॅचला, नॅशनल लीगकडनं पहिला बॉल टाकायला उभा होता. वर्षाच्या शेवटी १३३ इनिंग, १७० स्ट्राइकआऊट, नऊ इनिंगला रनचा तो आकडा १.९६. आणि टीम मात्र आपल्या गटात शेवटची, ते असो.

आता खरं सांगतो, एवढं मोजून पण गॅरंटी नाही. याच एप्रिलमध्ये युरी पेरेझ म्हणून वीस वर्षांच्या पोराचं कोपराचं ऑपरेशन झालं, त्याला तर मागच्या वर्षी मुद्दाम मधेच खाली पाठवून इनिंग वाचवल्या होत्या. त्याच आठवड्यात आणखी दोन मोठ्या पिचरचे कोपर गेले, स्ट्रायडर आणि बीबर. सगळे इतकं जोरात टाकतायत की कोपराचा लिगामेंट टिकत नाही. आणि आपल्याकडं त्याच एप्रिलमध्ये मयंक यादव, १५६.७ टाकला, सगळे नाचले, तिसऱ्या मॅचला बाजूचा स्नायू गेला, परत आला, परत गेला, ऑक्टोबरला ग्वाल्हेरला इंडियाकडनं खेळला आणि आता पाठ. त्याला आयपीएलच्या टीमनं ११ कोटीला ठेवलंय म्हणून बरं, छोट्याला कोण ठेवणारे?

इथं पोरांसाठी पण तक्ता आहे, मेजर लीगनंच काढलेला. सतरा-अठराच्या पोरानं दिवसाला जास्तीत जास्त १०५ बॉल, आणि ८० च्या वर गेला की चार दिवस हात लावायचा नाही. इंग्लंडमध्ये फास्ट बॉलर पोरांसाठी असेच नियम आहेत ओव्हरचे. आपल्या छोट्याचे बॉल कोण मोजतंय? कॅम्पचा कोच कॅम्पचे मोजत असेल, क्लबवाला क्लबचे, आणि रात्रीच्या स्पर्धेवाल्याला तर ट्रॉफी पाहिजे. तिन्हीची बेरीज कुणाकडंच नाही. ती तुम्ही ठेवा पप्पा, तुम्ही स्कोअरबुक इतकी वर्षं लिहिलंय, तुमच्याशिवाय कोण लिहिणार, नेटमधले सुद्धा धरा, टेनिस बॉलचे पण धरा, टेनिस बॉल हलका असतो पण पाठ तेवढीच वाकते. या वयात मणक्याचं हाड अजून पक्कं झालेलं नसतं, फास्ट बॉलरांना तिथंच बारीक फ्रॅक्चर होतं. बुमराचं ऑपरेशन २०२३ ला पाठीचंच झालं होतं, आणि परवा पर्थला पाच विकेट काढल्या ते बघितलंत ना, अख्खं वर्ष गेलं होतं त्याचं.

त्याला एवढंच विचारा की दुखतंय ते डाव्या बाजूला खाली दुखतंय का, आणि मागं वाकल्यावर जास्त दुखतं का. हो म्हणाला तर मलम, शेक, मालिश काही नको, सरळ हाडाच्या डॉक्टरकडं, साध्या एक्स-रेत कधी कधी दिसत नाही म्हणून एमआरआय करा म्हणाले तर करा, पैसे मी पाठवतो, त्यावरनं वाद नको. आणि डॉक्टर बस म्हणाले तर डिसेंबरची ती स्पर्धा सोडायची. बक्षिसाला बुलेट आहे म्हणे, असू दे.

त्याच्यावर ओरडू नका. तुमच्या भीतीनंच सांगत नाहीये तो. मी त्याला स्कीन्सचे व्हिडिओ पाठवलेत, त्याचं म्हणणं एवढंच की हा रनअप का घेत नाही.

बाकी ठीक. परवा दिवशी थंडी एकदम वाढणार म्हणतात, गुरुवारी थँक्सगिव्हिंगची सुट्टी आहे, पुण्याच्या एकांकडं जेवायला बोलावलंय, पुरणपोळीचा बेत आहे, कशी होते बघू. छोट्याच्या स्पाईकची साईज कळवा, सेलमध्ये इथं स्वस्त मिळतात, मागचे अंगठ्याला घट्ट होत होते का ते पण विचारा. आणि आईच्या गुडघ्याचं काय झालं ते कुणीच मला सांगत नाहीये.

तुमचा,
थोरला