सुट्टीतला वेग

१५ ऑगस्टला लागून शनिवार-रविवार आला की शुक्रवारी रात्रीपासूनच मुंबई-पुण्याच्या गाड्या दापोली, गुहागर, गणपतीपुळ्याकडे सुटतात. पर्यटक यावेत, त्यावर इथली अनेक घरं चालतात. तक्रार वेगाची आहे. महामार्ग क्रमांक ६६ जिथे चौपदरी झाला, तिथे ताशी शंभरची सवय लागते आणि किनाऱ्याकडे वळल्यावरही पाय हलका होत नाही. इकडचे रस्ते एका गाडीपुरते, दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे. गडग्याआडून गुरं येतात, शाळेची पोरं येतात, डोक्यावर पाटी घेतलेली मासळीवाली येते. ताशी शंभरने धावणारी गाडी सेकंदाला सुमारे २८ मीटर पुढे जाते. ब्रेकवर पाय पडेपर्यंतच ती दोन-तीन घरं ओलांडते. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचं अंतर चौपट होतं, पावसात ओल्या रस्त्यावर त्याहून जास्त.

आणि घाई कशाची? पन्नास किलोमीटर ताशी ६०ऐवजी ८०ने कापले तरी साडेबारा मिनिटंच वाचतात. तेवढा वेळ चहाच्या टपरीवर सहज जातो. (समुद्र कुठे जात नाही, हे वेगळं सांगायला नको.)

पोलिसांची तपासणी बहुतेक महामार्गावरच दिसते. सुट्टीच्या दिवसांत ती किनाऱ्याकडे जाणाऱ्या फाट्यांवरही हवी. गावाच्या वेशीवरचे गतिरोधक रंगवून घेण्याचं काम तरी संबंधितांनी गणपतीआधी उरकावं.

– एक वाचक, दापोली