चि. मृणालला, जर्मन वाचनाच्या पेपरापूर्वी

पुणे, रविवार

चि. मृणाल हिस अनेक आशीर्वाद.

बुधवारी रात्री आपल्या भांडणानंतर तू बॅग भरून आत्याकडे कोथरूडला निघून गेलीस, त्यानंतर तुझ्या टेबलावरचा दिवा कोणी लावलेला नाही. ‘शब्द नीट कळल्याशिवाय पुढे जायचे नाही, हे तुम्हीच शिकवलेत ना, बाबा?’ हे तुझे बोलणे मला लागले, कारण ते खरे होते. छापखान्यात मुद्रिते तपासताना मी लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याची पट्टी ओळीखाली धरून एकेक अक्षर पाहत असे, आणि तू पहिलीत असताना तीच पट्टी तुझ्या पुस्तकावर ठेवून तुला वाचायला शिकवले. त्या सवयीने तुझे शुद्धलेखन घडले. आज तीच सवय तुला नडते आहे.

तुझी जर्मन परीक्षेच्या सरावाची प्रश्नपत्रिका मी पाहिली, रागावू नकोस. दुसऱ्या भागातल्या वर्तमानपत्री उताऱ्यांत अडलेल्या प्रत्येक शब्दाखाली तू पेन्सिलीने टिंब दिले आहेस. मी मोजली, 41 भरली. पाचव्या भागाचे पान मात्र कोरे आहे. परीक्षेतही शेवटचे चार प्रश्न असेच राहिले, हे तूच सांगितलेस. जर्मनच्या बी-1 पातळीच्या वाचनाला 65 मिनिटांत 5 भाग आणि 30 प्रश्न. 100 पैकी 60 गुण हवेत आणि तुला 57 मिळाले, म्हणजे अवघे एक उत्तर कमी पडले. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तर त्या चार ठिकाणी नुसती खूण केली असतीस तरी... हा हिशेब पुन्हा काढायचा नाही असे ठरवून लिहायला बसलो होतो. क्षमा कर.

ऐकणे, लिहिणे, बोलणे हे बाकीचे तिन्ही विभाग तू पहिल्याच खेपेला काढलेस. रात्रपाळी करून, सकाळी बसमध्ये शब्दांच्या चिठ्ठ्या चाळत काढलेस, हे मी शेजारी जोशीकाकांना किती वेळा सांगितले ते तुझ्या आईला विचार. आता वाचनाचा हा एकच विभाग येत्या शनिवारी पुन्हा द्यायचा आहे.

शब्द अडला तर थांबू नकोस. आधी प्रश्न वाच, मग उतारा. तिसऱ्या भागात 7 माणसांसाठी 10 जाहिरातींतून निवडायचे असते आणि एकाला कोणतीच जुळत नाही. तिथे शून्य लिहायचे आणि मन घट्ट करून पुढे जायचे. जपून वाचायचे ते लहान शब्द. ‘निश्ट’ म्हणजे नाही, ‘काइन’ म्हणजे एकही नाही, ‘नूर’ म्हणजे फक्त, यांनी अख्खे वाक्य फिरते, असे तूच म्हणाली होतीस. माझी पट्टी वापरायचीच असेल तर तेवढ्यांपुरती वापर.

लांबलचक शब्दांना मात्र भिऊ नकोस. गेल्या पावसाळ्यात आई भाकऱ्या थापत होती आणि तू ओट्याशी उभी राहून ‘हाउसट्यूरश्ल्युसल’ म्हणजे घराच्या दाराची किल्ली, हे समजावत होतीस. मी म्हणालो, हा तर आपला तत्पुरुष समास, शेवटचे पद मुख्य. त्यावर तू पिठाचा हात माझ्या खांद्यावर मारलास. गौण वाक्यात क्रियापद शेवटी जाते, अगदी मराठीसारखे, हेही तू त्याच संध्याकाळी सांगितलेस. त्या शर्टावरचे पिठाचे बोट आईने दोनदा धुतले. सांगायचे होते ते हे, की शेवटून वाचलेस तर तो शब्द तुला शब्दकोशाविना सापडेल, आणि शब्दकोश तिथे नेऊ देत नाहीतच.

खरे सांगायचे तर त्या 57 गुणांचा कागद पाहिला तेव्हा क्षणभर मला बरे वाटले, की मुलगी आणखी काही महिने घरी राहील. त्याची लाज वाटून मी तुझ्यावरच चिडलो. त्या रात्रीच्या भांडणाचे मूळ ते होते, तुझी घाई किंवा संथपणा नव्हे. पुढे तुला बी-2 ही वरची पातळी करायची आहे, जर्मनीतल्या रुग्णालयात परक्या भाषेतले औषधांचे कागद रात्री दोन वाजता एकटीने वाचायचे आहेत. तिथे तू एकेक शब्द तपासशील, आणि तपासायलाच हवा. शनिवारी मात्र नको.

शनिवारी सकाळी बोट क्लब रोडला परीक्षेला सोडायला मी स्कूटर घेऊन आत्याकडे येईन. नको वाटले तर आईला सांग.

तुझे,
बाबा

ता. क. दुसऱ्या भागाला 20 मिनिटे. त्याहून एक मिनिटही जास्त देऊ नकोस.