तू त्या ओळीला थांबायचीस

प्रिय आई-बाबा,

सप्रेम सलाम.

फोन रोजच होतो, मग पत्र कशाला, म्हणून दचकू नका. सगळे बरे आहेत. तुमच्या नातवाचा खोकला गेला. पण हे फोनवर बोलण्यासारखं नाही. बाबा, तुम्ही फोन उचलला की आधी स्पीकरवर टाकता आणि मग शेजारच्या मावशींना हाक मारता, ‘या, ताईचा फोन आलाय!’ पाकिटावर मी अहिल्यानगर लिहिलंय, पोस्टाची पंचाईत नको म्हणून. पत्र नगरलाच येतंय.

विचारायचंय ते खरं तर आईला. पण बाबांनीही वाचावं, म्हणून दोघांच्या नावाने लिहितेय.

आई, तुला आपली संध्याकाळची प्रार्थना आठवते ना, त्या दोन खोल्यांच्या घरातली? आठ वाजले की बाबा पेटी पुढे ओढायचे. ‘उपासना संगीत’ला तू फुलाफुलांच्या कापडाचं कव्हर शिवलं होतंस, ब्लाउजपीसच्या उरलेल्या तुकड्याचं. एक गीत, एक उतारा, मग बाबांची लांबलचक प्रार्थना (तिच्यात जिल्हा परिषदेच्या शाळेपासून पंतप्रधानांपर्यंत सगळे यायचे) आणि शेवटी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना. डोळे मिटायचे असा नियम होता. मी मिटायचे नाही. म्हणून मला माहीत आहे.

‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे,’ इथपर्यंत तुझा आवाज सगळ्यांच्या वर असायचा. पुढची ओळ आली की तू थांबायचीस. ‘आणि जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड’ हे बाबा एकटे म्हणायचे, मागून धाकटा काहीतरी पुटपुटायचा. तुझे ओठ मिटलेले. डोळेही मिटलेले, पण घट्ट, साबण गेल्यासारखे. मग ‘आणि आम्हांस परीक्षेत आणू नकोस’पासून तू परत सुरू. रागाने नव्हे. पायरी तुटलेली असली की आपण सवयीने तेवढी ओलांडून चढतो ना, तसं.

मी अकरा वर्षांची होते. 1994 साल. धाकट्या काकांच्या टेम्पोसाठी बाबांनी पतपेढीतून स्वतःच्या नावावर 30 हजार काढले होते. टेम्पो वर्षभर चालला, मग कुणाच्या तरी दारात उभाच राहिला. बाबांच्या पगारातून महिन्याला 700 कापले जायचे, पाच वर्षं. पगार तेव्हा 4 हजारांच्या आत होता. तुझ्या दोन पाटल्या सराफ बाजारात गेल्या त्या स्लॅबसाठी, असं आम्हाला सांगितलं होतं. स्लॅब तर मी नर्सिंगला गेल्यावर पडला.

मला तेव्हा वाटायचं, ऋण म्हणजे ते पतपेढीचंच. देवाला आपली पासबुकं दिसतात आणि आई काकांचं कर्ज सोडायला तयार नाही, इतका सरळ हिशेब. आता वाटतं, तो हिशेब तितका चुकीचा नव्हता. फक्त ऋणको कोण, हे मी चुकीचं धरलं होतं. तू काकांवर रागावलेली नव्हतीस, बाबांवर होतीस. सही करून आल्यावर त्यांनी तुला सांगितलं. आधी नाही.

हे मला आत्ता कसं कळलं, तेही सांगते. तुमच्यापासून लपवलं होतं.

मार्चमध्ये शाळेची फी भरायला बसले. घराच्या डिपॉझिटसाठी साठवलेले 3 लाख 80 हजार खात्यात असायला हवे होते. 17 हजार होते. मला वाटलं बँकेचा घोळ आहे, ॲप बंद करून परत उघडलं. तुमचे जावई शेजारी बसले होते. ते म्हणाले, ‘बँकेला फोन नको करूस.’ ऑप्शन ट्रेडिंग, शेअर बाजारातला सट्टा. पाच महिने चाललं होतं. आधी थोडे मिळाले, मग थोडे गेले, मग गेलेले परत मिळवायला आणखी. ‘वसूल झाले की सांगणारच होतो.’ आई, हे वाक्य तू कधी ऐकलंयस का? मला खात्री आहे, ऐकलंयस.

बाबा, तुम्ही निदान भावासाठी केलंत. पण आधी मला ज्याच्यामुळे बरं वाटलं, त्याच्यामुळेच आता आईचं जास्त कठीण वाटतं. माझ्या नवऱ्याने हाव केली, त्याच्यावर रागावायला मला सगळ्या जगाची परवानगी आहे. तुम्ही चांगुलपणा केलात. चांगुलपणावर रागावलेल्या बाईला कोण विचारतो? वर तुम्ही टिळकांचा, आपल्या ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचा, दाखला द्यायचात. रेव्हरंड टिळकांच्या हातात पैसा कधी टिकला नाही, आलेला गेलेला समोरच्याला देऊन मोकळे. आणि चुलीपुढून तुझा आवाज यायचा, ‘टिळकांचं मला सांगू नका, लक्ष्मीबाईंना विचारा.’ आम्ही हसायचो. तुम्हीही हसायचात. ती हसत नव्हती, हे मला आत्ता आठवतंय.

टिळकांच्या बायकोची, लक्ष्मीबाईंचीही ती गोष्ट आहेच की. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला. ते एकत्र बसून ठरवलेलं नव्हतं, तिला नंतर कळलं. त्यापुढची काही वर्षं ती वेगळी राहिली. मग परत आली, आणि त्यानंतरही तिचा बाप्तिस्मा व्हायला 1900 साल उजाडलं. मंडळीत ही गोष्ट सांगतात ती तिच्या विश्वासाची म्हणून. मला अलीकडे त्यातली मधली वर्षंच दिसतात. तेव्हाही रोज कुणीतरी कुठलीतरी प्रार्थना म्हणतच असेल, आणि कुठेतरी थांबत असेल.

आम्ही इथे रविवारी इंग्रजी उपासनेला जातो, तुम्हाला माहीतच आहे. तिथे ही ओळ मला कधी टोचली नाही. तिथे ऋण नाही, ‘ट्रेसपासेस’ आहे. शब्द ऐकला की मला कुंपणावरची पाटी आठवते, आत येऊ नये. आणि तिथे ‘आम्ही क्षमा करतो तशी’ असं आहे. करतो, म्हणजे करत आहोत, चाललंय, बघू. आपल्या मराठीत तशी पळवाट नाही. ‘सोडले आहे.’ झालेलं काम. आधी सोडून या आणि मग मागा. ज्यांनी भाषांतर केलं त्यांनी मत्तयाच्या मूळ ग्रीकाशी इमान राखलं, त्यातही क्रियापद झालेल्या गोष्टीचंच आहे. पण रात्री नऊला ड्यूटीवरून येऊन, त्या माणसाच्या शेजारी बसून, ‘सोडले आहे’ म्हणायचं तर ते खोटं होतं. आणि सगळ्या प्रार्थनेत प्रभू ज्या एकाच मागणीकडे परत वळतो, ती हीच. आमेन झाल्यावर लगेच, त्याच अध्यायात, चौदाव्या-पंधराव्या ओवीत. जणू त्याला माहीत होतं, लोक इथेच आवाज खाली घेणार.

तर मीही थांबू लागले. ठरवून नाही. पहिल्या दिवशी मला कळलंसुद्धा नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तुमच्या नातवाने विचारलं, ‘आई, तू भाकरनंतर म्यूट का होतेस?’

म्यूट! मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि नुसता नळ सोडून उभी राहिले. मला तू दिसलीस. फुलाफुलांचं कव्हर, मिटलेले ओठ. मी इतकी वर्षं समजत होते की आमच्या घरात श्रद्धा आली ती बाबांच्या पेटीतून आणि मोठ्या प्रार्थनेतून. तुझ्या त्या गप्प राहण्याचं काय करायचं ते मला कळलं नव्हतं, म्हणून ते मी बाजूला ठेवून दिलं होतं. खोटं बोलायचं नाही म्हणून तू देवापुढे गप्प राहिलीस. आणि प्रार्थनेतून उठून मात्र एकदाही गेली नाहीस. सात-आठ वर्षं रोज येऊन बसलीस.

इथल्या एका पाळकांकडे आम्ही दोघं गेलो होतो. माणूस वाईट नाही. पण दहा मिनिटांत त्यांनी इफिसकरांसचा पाचवा अध्याय काढला आणि बायकांनी अधीन असावं ही ओवी वाचली. मी म्हटलं, पाळकसाहेब, एक ओवी वर जा. तिथे ‘एकमेकांच्या अधीन’ आहे, दोघांना. आणि तीन ओव्या खाली या, तिथे नवऱ्याला सांगितलंय, ख्रिस्ताने मंडळीवर प्रीती केली तशी कर, म्हणजे जीव देण्यापर्यंत. तुमचे जावई खाली बघत होते, पण गाडीत बसल्यावर म्हणाले, ‘माझ्यासाठीची ओवी तू वाचलीस, त्यांनी नाही.’ त्या दिवशी पहिल्यांदा मला तो थोडा आवडला.

वॉर्डात मी अशा बायका रोज बघते, ज्यांना कुणीतरी क्षमा कर, घरी जा, म्हणून पाठवलेलं असतं, आणि त्या तीन महिन्यांनी परत येतात, या वेळी हात मोडून. म्हणून क्षमा हा शब्द मला चटकन तोंडात घेता येत नाही. आमचं तसलं काही नाही, काळजी करू नका. पण हे मी वेगळं ठेवते. खातं आता दोघांच्या सहीचं आहे. त्यांनी मोटरसायकल विकली, बसने जातात. फ्रिजवर वही टांगलीय, भाजीचे 40 रुपयेसुद्धा त्यात लिहितात, मी न सांगता. मी कितीही सोडलं तरी ती सही दोघांचीच राहणार. हे क्षमेत बसतं की नाही ते मला ठाऊक नाही. बाबा, तुम्हाला बसत नसेल तर तसं लिहा, मी वाचेन, पण सही राहील.

निर्दय चाकराचा दाखला तुम्ही आम्हाला कितीदा सांगितलात, मत्तय अठराचा. राजाने त्याला दहा हजार तालांत सोडले, आणि त्याने आपल्या सोबत्याला शंभर दिनारांसाठी गळा धरून तुरुंगात घातलं. तुम्ही म्हणायचात, बघा, क्षुल्लक रकमेसाठी! मी परवा नाइट ड्यूटीला कागदावर मांडलं. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. शंभर दिनार म्हणजे शंभर दिवसांचं पोट. तालांत सहा हजार दिनारांच्या आसपास, म्हणजे राजाने सोडले ते सहा कोटी दिवसांची मजुरी, कुठल्याही जन्मात न फिटणारे. ते कबूल. पण शंभर दिवस क्षुल्लक नाहीत, बाबा. आईच्या पाटल्या क्षुल्लक नव्हत्या. प्रभूने ती रक्कम एक दिनार ठेवली नाही, शंभर ठेवली. तुम्ही एवढं मान्य केलं असतंत ना तिच्यासमोर, एकदा तरी, तर मला वाटतं…

जाऊ दे. ते तुमचं दोघांचं.

आता विचारायचं ते. 2001 मध्ये मी मिरजेला गेले. 2002 च्या नाताळात घरी आले तेव्हा काका-काकू आले होते. काकांनी नानकटाईचा पुडा आणला होता. तू त्यांना ताट भरून फराळ दिलास, करंज्या, चकल्या, सगळं. पूर्वी द्यायचीस, पण उभी राहून. त्या दिवशी तू त्यांच्यासमोर पाटावर बसलीस आणि काकूंच्या ताटातली मोडलेली करंजी उचलून खाल्लीस. रात्री प्रार्थना झाली. आणि तू ती ओळ म्हटलीस. सगळी, सगळ्यांच्या वरच्या आवाजात. मी डोळे उघडून बघितलं, तर बाबांचेही उघडे होते.

म्हणजे बाबा, तुम्हाला माहीत होतं. इतकी वर्षं ऐकत होतात आणि विचारलं नाहीत. मला कळत नाही, ते शहाणपण होतं की भीती.

आई, काय झालं होतं? हप्ते तर 1999 मध्येच संपले होते, म्हणजे पैशाचं नाही. बाबा काही बोलले? की काही न होताच एका दिवशी जमलं? हप्ते संपल्यावर मन हळूहळू निवलं, असं जरी असलं तरी सांग. मला बरंच वाटेल.

कारण मागच्या बुधवारची गोष्ट. आम्ही तिघं बसलो होतो, दिवे गेलेले, मोबाइलचा टॉर्च पाण्याच्या ग्लासाखाली. भाकरीपर्यंत तिघं. मग मी थांबले. आणि तेही थांबले. त्यांना काय वाटलं, हे मी विचारलं नाही, बघ, मीही विचारलं नाही. ती ओळ तुमचा नातू एकटाच म्हणाला, त्याच्या त्या कानडी हेल लागलेल्या मराठीत, ‘ऋण्यांस’वर अडखळून, परत मागे जाऊन, नीट. मग आम्ही दोघं ‘परीक्षेत’पाशी त्याला जाऊन मिळालो.

नाताळाला येतोय, 23 ला निघू. रजा मिळालीय. बाबांच्या गुडघ्याला लावायचं मलम आणते, आधीचं संपवा, ठेवून देऊ नका. तांदळाचं पीठ दळून ठेव, चकल्या मी करीन. आणि काकूंना बोलाव.

उत्तर पत्राने दे. बाबा, तुम्ही लिहिणार असाल तर वेगळ्या कागदावर, आईच्या कागदाच्या मागच्या बाजूला नको.

तुमची,
ताई