शेतकऱ्यांचा रफार

महोदय,

पावसाळा आला की मराठी दैनिकांच्या संकेतस्थळांवर सह्याद्रीत 'दर्या' उसळू लागतो. छापील अंकात त्याच बातमीत 'दऱ्या' व्यवस्थित असतात. लग्नसराईच्या मजकुरात आचाऱ्यांचे मानधन आचार्यांना मिळते, आणि कर्जमाफीच्या बातमीत 'शेतकर्यांना' असे छापून येते. मुद्रितशोधकाने डुलकी काढली असे समजून वाचक पुढे जातो. पण बहुतेक वेळा मूळ मजकूर बरोबरच असतो, तो वाटेत मोडतो.

युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, 'दऱ्या'मधला चंद्रकोरीसारखा अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो. पहिला प्रकार म्हणजे ऱ (क्रमांक 0931), हलन्त आणि पुढचे अक्षर. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यामागे झेडडब्ल्यूजे नावाची न दिसणारी जोडखूण (क्रमांक 200डी) असते. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. मात्र मजकूर साठवणाऱ्या काही प्रणाली अदृश्य खुणा कचरा समजून झाडून टाकतात. खूण गेली की उरतो साधा 'र्', तो पुढच्या य च्या डोक्यावर चढतो आणि रफार होतो. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधली पाने रूपांतरित करतानाही हेच घडते. त्या फाँटमध्ये या अर्ध्या र ला स्वतंत्र घर होते; रूपांतराच्या तक्त्यात त्याच्यासमोर नुसते 'र्' लिहिले असेल तर सगळा जुना संग्रह एका फटक्यात बिघडतो.

मोडला नाही तरी शोधताना अडतोच. एका बातमीत 'शेतकऱ्यांना' पहिल्या प्रकारे आणि दुसरीत जोडखुणेने लिहिले असेल, तर साध्या शोधयंत्राच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. युनिकोडचे नेहमीचे प्रमाणीकरण (एनएफसी) र आणि नुक्ता जोडून ऱ करते, पण जोडखुणेच्या रूपाला हात लावत नाही. त्यासाठी संगणकीय आज्ञेची एक ओळ स्वतःच लिहावी लागते: 'र, हलन्त, जोडखूण' दिसले की तिथे 'ऱ, हलन्त' ठेवा. मजकूर साठवण्यापूर्वी ती चालवावी, आणि वाचकाने शोधपेटीत टंकलेल्या शब्दावरही. दुसरा भाग हमखास विसरला जातो. इन्स्क्रिप्ट या कळफलकावर काम करणाऱ्यांना तर हे मुळातच सोपे आहे. शिफ्ट दाबून र ची कळ दाबली की ऱ येतो, पुढे हलन्त आणि य. रोमन अक्षरांतून टंकणाऱ्यांनी मात्र सुचवलेला पहिला शब्द डोळे मिटून उचलू नये.

'ॲ'चेही तसेच. 2008 साली त्याला युनिकोडमध्ये 0972 हा स्वतःचा क्रमांक मिळाला. तरी अजून अ वर सुटा चंद्र ठेवला जातो, आणि काही फोनवर मध्येच ठिपक्यांचे वर्तुळ उगवते.

ल आणि श यांच्या वळणांचा प्रश्न निराळा आहे. मराठीतला पाकळीचा ल आणि देठाचा श यांना वेगळे क्रमांक नाहीत. हिंदी वळणांचे क्रमांक तेच. कोणते वळण दाखवायचे हे फाँट भाषेवरून ठरवतो, अर्थात त्या फाँटमध्ये मराठी रूपे असतील तर. पानाच्या पहिल्याच ओळीत भाषा 'इंग्रजी' किंवा 'हिंदी' नोंदवलेली असेल, तर फाँट तरी काय करणार? तिथे मराठीचा 'एमआर' हा संकेत हवा. अंध वाचकांचे वाचनयंत्रही याच नोंदीवरून आवाज निवडू शकते. हिंदी आवाजात 'चमचा' आणि 'जहाज' कसे ऐकू येतात, ते एकदा ऐकून पाहावे.

समाजमाध्यमांसाठी बनवलेल्या चित्रांत पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरांचे हलन्त उघडे पडतात. तिथे फाँटला बोल लावण्यात अर्थ नाही. इनडिझाइन या पानमांडणीच्या प्रणालीत परिच्छेदाच्या पॅनेलमधून वर्ल्ड-रेडी कंपोझर (भारतीय लिप्या नीट जुळवणारी सोय) निवडला नसेल तर हे होते, फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांतही तशीच सोय चालू करावी लागे. पुष्कळ ठिकाणी यावर उपाय म्हणून जुन्या फाँटकडे परततात. चित्र ठीक दिसते खरे, पण तोच मथळा उचलून संकेतस्थळावर चिकटवला की अक्षरांची नुसती खिचडी.

आपल्या संगणक विभागाने संग्रहात आधी 'शेतकर्यांना' हा रफाराचा शब्द शोधावा, मग योग्य शब्द दोन्ही प्रकारे टंकून निकालांचे आकडे ताडून पाहावेत. आकडे वेगळे आले, तर दुरुस्ती कुठून सुरू करायची ते कळेल.

आपला,
एक मुद्रितशोधक, पुणे