अण्णा, मेमरीचा हिशेब घालून दिलात त्याबद्दल

अण्णांना सप्रेम नमस्कार,

नाव घालायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं अण्णा. बेळगावच्या शहापुरात ज्यांनी ओळखायचं ते ओळखतीलच. तोंडावर आभार मानले की तुम्ही "सोड की ते" म्हणून विषय बदलता, म्हणून हे उघड पत्र. आणि खानापूर भागात स्वतः कॉम्प्युटर जुळवायला निघालेली पोरंपोरी आहेत, त्यांच्याही कानावर तुमच्या दुरुस्तीच्या दुकानातल्या टेबलावरचं थोडं जावं.

माझं काम तुम्हाला माहीत आहे. लग्नाचे व्हिडिओ, यात्रेतल्या कुस्त्या, मधल्या काळात लग्नपत्रिका. लॅपटॉपची ८ जीबी मेमरी (म्हणजे रॅम, चालू काम हाताशी ठेवणारी) बोर्डावरच सोल्डर केलेली, वाढवायची सोयच नव्हती. बेळगावात तयार डेस्कटॉपची कोटेशनं घेतली, तर एकात "रॅम ३२ जीबी" एवढीच ओळ. स्टिक (रॅमची पट्टी) एक की दोन, वेग किती, कुणाला सांगता येईना.

तुम्ही बजेट नंतर विचारलंत. आधी म्हणालात, "तंगी," (कन्नडमध्ये धाकटी बहीण) "काम करताना एका वेळी काय काय उघडं असतं ते सांग." मी सांगितलं: एडिटिंग, पत्रिकांचं कोरलड्रॉ, ब्राउझरच्या ढीगभर टॅब, व्हॉट्सॲप. तुम्ही ते ऐकून आकडा सांगितला नाहीत. घरी जाऊन खऱ्या कामात टास्क मॅनेजर (विंडोजमध्ये मेमरी किती वापरात आहे ते दाखवणारी खिडकी) उघड आणि मेमरी कुठे अडते ते बघून ये, म्हणालात. बघितलं तर ८ जीबी केव्हाच भरलेली आणि उरलेलं ओझं डिस्कवर चाललेलं. त्यावरून तुम्ही हिशेब घातला. १६ जीबीत जेमतेम भागेल, ३२ जीबीत निवांत होईल, ६४ चे पैसे पडून राहतील. गरजेच्या वर घातलेली मेमरी नुसती रिकामी असते, तिनं कॉम्प्युटर पळत नाही. हे दुकानात कोण सांगतंय?

मग प्रोसेसर. ग्राफिक्स कार्डाला पैसे नव्हते, म्हणून एएमडीचा रायझन ५ ५६००जी ठरला होता. त्याचं ग्राफिक्स आतच असतं, पण त्याला स्वतःची मेमरी नसते. आपण घातलेल्या रॅममधलाच वाटा ते घेतं. म्हणून ३२ जीबीची एकच स्टिक घ्यायचा माझा विचार तुम्ही लगेच खोडलात. लग्नपत्रिकेच्या एका रद्द प्रूफमागे तुम्ही लिहून दिलेला हिशेब अजून माझ्याकडे आहे. डीडीआर-४ (मेमरीची पिढी), वेग ३२००, म्हणजे सेकंदाला ३२०० दशलक्ष फेऱ्या. एका चॅनेलची (प्रोसेसर आणि मेमरीमधल्या वाटेची) रुंदी ६४ बिट, म्हणजे दर फेरीला ८ बाइट. गुणाकार केला की सेकंदाला २५.६ जीबी. दोन स्टिक दोन चॅनेलवर बसवल्या की ५१.२. ज्याचं ग्राफिक्स रॅमवरच जगतं त्याची अर्धी वाट कशाला बंद करायची? १६-१६ च्या दोन, एकाच पाकिटातल्या, आणि बोर्ड चार स्लॉटचा, म्हणजे पुढं वाढवायला जागा राहील. संपला विषय.

संपला कसला. वेग ३२०० की ३६००, यावर खरी मजा आली. माझ्या मावसभावानं ३६०० च्या, वर दिवे लागणाऱ्या मेमरीचा आग्रह धरला होता. तुम्ही त्याला डब्यावरचा सीएल आकडा (मागितलेली माहिती यायला मेमरीच्या घड्याळाचे किती ठोके लागतात तो) वाचायला लावलात. सीएल गुणिले २०००, भागिले वेग, की थांबायचा वेळ निघतो. ३२०० ला सीएल १६ असेल तर १० नॅनोसेकंद. ३६०० ला सीएल १८, तरी १०. महागड्या डीडीआर-५ च्या ६००० ला सीएल ३० धरा, पुन्हा १०. तो कॅल्क्युलेटर घेऊन बसला होता, त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. आणि ३२०० च्याच वेगाची पण सीएल २२ वाली स्वस्त मेमरी काढली तर पावणेचौदा नॅनोसेकंद. म्हणजे दोन डब्यांवर ३२०० लिहिलेलं असलं तरी माल एकच नव्हे. ३६०० मध्ये माहिती साडेबारा टक्के जास्त वाहते, हेही तुम्ही लपवलं नाहीत. पण ५६००जी ला अधिकृत आधार ३२०० पर्यंतच, त्याच्या वरचं स्वतःच्या जबाबदारीवर, आणि दिव्यांनी व्हिडिओ लवकर रेंडर होत नाही. शेवटचं वाक्य ऐकून मावसभाऊ चहा सांगायला उठला.

त्याच बैठकीत आणखी दोन गोष्टी निकालात निघाल्या. जुन्या सर्व्हरमधून काढलेली स्वस्त मेमरी ऑनलाइन मिळत होती. ती रजिस्टर्ड जातीची, म्हणजे सर्व्हरसाठीच केलेली, साध्या डेस्कटॉप बोर्डात कॉम्प्युटर सुरूच होणार नाही. लॅपटॉपची मेमरी तर आखूड, स्लॉटातच बसत नाही.

डीडीआर-५ चं मात्र मनातून जात नव्हतं. नवीन ते नवीन, असं वाटतंच. डीडीआर-४ आणि डीडीआर-५ दोन्हींना पिना २८८, पण खाच वेगळ्या जागी, म्हणजे एकीच्या बोर्डात दुसरी जात नाही. एएम-४ सॉकेटला (५६००जी ज्यात बसतो ती बोर्डावरची जागा) डीडीआर-४, एएम-५ ला फक्त डीडीआर-५. ती घ्यायची तर बोर्ड, प्रोसेसर, सगळंच बदलणार. त्यात २०२५ सरता सरता मेमरीचे भाव भडकले. सॅमसंग, एसके हायनिक्स, मायक्रॉन या मोठ्या कंपन्या एआयच्या डेटा सेंटरचा माल आधी बनवायला लागल्या आणि आपल्यासारख्यांना टंचाई. डीडीआर-४ सुद्धा त्यातून सुटली नाही. भाव उतरेपर्यंत थांबू का, असं मी विचारलं. "काम अडलंय ना? मग गरजेपुरतं घे आणि कामाला लाग. काम अडलं नसतं तर थांब म्हटलो असतो." असा सल्ला देणाऱ्याच्या गल्ल्यात यातला एक रुपया पडणार नव्हता, हे वाचणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं. वस्तू मी दुसरीकडून घेतल्या. तुमचं दुकान दुरुस्तीचं.

जुळवणी आमच्या घरी झाली, तुम्ही फोनवर. बाहेर जांबोटीकडचा पाऊस, लाईट येऊन-जाऊन. प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा स्लॉट, पहिला-दुसरा नव्हे, हे तुम्ही दोनदा म्हणवून घेतलंत. अंगातली स्थिर वीज उतरायला हात आधी कॅबिनेटच्या पत्र्याला लाव. स्टिक दोन्ही टोकांना सारखी दाब, खटका ऐकू आला पाहिजे. आमच्याकडच्या दमट हवेत वर्षा-दोन वर्षांनी कॉम्प्युटर चालू व्हायला कुरकुरला तर घाबरायचं नाही, स्टिक काढून सोनेरी कडा खोडरबरनं हलक्या पुसायच्या, हेही तेव्हाच सांगितलंत.

चालू झाला. आईनं लगेच हळदकुंकू लावलं (मॉनिटरला, नशीब). मी नाचायच्या बेतात, तर तुम्ही विचारलंत, "बायोसमध्ये वेग किती दाखवतो?" बायोस म्हणजे विंडोजच्या आधीचा, बोर्डाचा स्वतःचा सेटिंगचा पडदा. २१३३. पैसे ३२०० चे मोजलेले. एक्सएमपी (मेमरीतच नोंदवलेलं वेगाचं सेटिंग) चालू केल्याशिवाय अशी मेमरी डब्यावरच्या वेगानं धावत नाही, हे किती घरांत कुणाला माहीतच नसेल. वर्षानुवर्षं तशीच हळू चालत असतील बिचारी. सेटिंग बदलून, जपून ठेवून, पुन्हा चालू केलं, ३२०० आलं. तरी तुमचं समाधान नाही. रात्रभर मेमटेस्ट (मेमरीतल्या चुका शोधणारा प्रोग्रॅम) लावायला लावलात, सकाळी एकही चूक नाही हे फोटो काढून पाठवल्यावर तुम्ही फक्त अंगठा पाठवलात.

घरात तुम्ही कन्नड बोलता, माझ्याशी मराठीत हिशेब घालता आणि मध्येच काकूंना हाक मारून कन्नडमध्ये चहा सांगता. पैसे विचारले तर रागावलात. आता या लग्नसराईचे व्हिडिओ वेळेवर गेले, एका पार्टीनं तर पुढच्या वर्षीच्या बारशाचंही काम आगाऊ सांगून ठेवलंय. बाळ अजून व्हायचंय.

रताळी निघाली की पोतंभर घेऊन येते, तेव्हा नको म्हणायचं नाही. आणि जुन्या लग्नांचे व्हिडिओ साठवायला हार्डडिस्क कुठली घ्यायची तेही विचारायचं आहे. या वेळी काय काय मोजून आणायचं तेवढं आधी कळवा. काकूंना नमस्कार.

तुमची,
खानापूरकडची तंगी