दाखल करण्याच्या सहीबद्दल: गोव्याच्या आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री, गोवा सरकार यांस,

सादर नमस्कार.

मनोरुग्णाला त्याच्या स्वतंत्र संमतीशिवाय इस्पितळात ठेवायचे, तर मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ८९ प्रमाणे दोघांनी त्याला वेगवेगळे तपासावे लागते. एक मानसोपचारतज्ज्ञ, दुसरा मानसिक आरोग्य क्षेत्रातला नोंदणीकृत व्यावसायिक किंवा साधा डॉक्टर. ती दुसरी सही पुष्कळदा माझी असते.

कायद्याचे निकष स्पष्ट आहेत: स्वतःला इजा करण्याची धमकी वा प्रयत्न, दुसऱ्यांवर हात उगारणे, स्वतःची काळजी घेता न येणे. रात्री समोर आलेले माणूस मात्र इतके स्पष्ट नसते. नवरा सांगतो, "जेवत नाही, सारखी विहिरीकडे जाते." ती म्हणते, "मला काही झालं नाही, घरी न्या." मला दोघांचेही खरे वाटते. दाखल केले तर तीस दिवसांपर्यंत एका सज्ञान बाईची मोकळीक जाऊ शकते. घरी पाठवले तर पुढचे कितीतरी दिवस फोन वाजला की छातीत धस्स होते. ही जबाबदारी मला टाळायची नाही. कुणीतरी ती घ्यायलाच हवी.

पण साहेब, निवड करायला निदान दोन वाटा तरी हव्यात. माझ्यापुढे एकीकडे खाट असते आणि दुसरीकडे गोळ्यांची चिठ्ठी अन् ओपीडीची पुढची तारीख. दक्षिण टोकाच्या काणकोण तालुक्यातल्या आतल्या गावात उद्या कुणी तिच्या घरी जाऊन बघणार आहे, एवढी खात्री असती तरी कित्येक सह्या मी केल्या नसत्या. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चांगलाच आहे, मी तो सगळ्यांना देते. तरी ती जेवली का, गोळी घेतली का, हे घरात पाऊल टाकल्याशिवाय कळत नाही.

याच कायद्याचे कलम १८ हाफवे होम (इस्पितळ आणि घर यांच्या मधला निवारा), कुटुंबाला आधार आणि समाजात राहून पुनर्वसन यांची जबाबदारी सरकारवर टाकते. म्हणून मागणी अशी: तपासून घरी पाठवलेल्या रुग्णाकडे दोन दिवसांत जाणारी नर्स, समाजसेवक आणि त्यांना गाडी, प्रत्येक तालुक्यात. आणि घरी गेलेला रुग्ण जिवाचे बरेवाईट करतो तेव्हा आमच्याकडून खुलासा जरूर मागा, पण त्याच आठवड्यात त्या पाळीतल्या डॉक्टर-नर्सबरोबर शांतपणे बसून बोलणारे कुणी वरिष्ठही पाठवा. आज ते डॉक्टर-नर्स पुढच्या रात्री तसेच ड्युटीवर येतात आणि भीतीपोटी सगळ्यांनाच दाखल करू लागतात.

सुरुवात काणकोणपासून करावी, बांबोळीच्या मनोरुग्णालयाहून ते फार लांब पडते.

आपली,
एक वैद्यकीय अधिकारी