सही कोणाची?

मा. संपादक,
स. न.

गर्भाची पिशवी काढायची ऑपरेशनं म्हटली की बीडच्या ऊसतोड बायकांचा विषय निघतो. मी ऊस तोडत नाही, बार्शीत ब्लाउज शिवते. वय 44. तरी माझीही पाळी आलीच होती.

गेल्या वर्षी दहा-दहा दिवस अंगावरून जायचं, मशीनवर बसलं की गरगरायचं. चार महिने अंगावर काढले. मग एका खासगी दवाखान्यात सोनोग्राफी झाली. डॉक्टर माझ्याकडे न बघता यांना म्हणाले, "गाठ आहे. मुलं झालीत ना? पिशवी काढून टाकू, पुढे कॅन्सरची कटकट नको." संमतीचा फॉर्मही यांच्याच पुढे सरकवला. यांनी पेन काढलंसुद्धा. मी म्हटलं, थांबा, पिशवी कोणाची आहे?

रिपोर्ट मागितले तर काउंटरवरची मुलगी म्हणे, फाइल हॉस्पिटलची असते. पुतणी नर्सिंग करते, तिने सांगितलं की 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे पेशंटने मागितले तर 72 तासांत कागद द्यावेच लागतात. दोन ओळींचा अर्ज दिला, दुसऱ्या दिवशी झेरॉक्स हातात!

ते घेऊन सोलापूरला सरकारी दवाखान्यात गेले. भिंतीवरचं कॅलेंडरही पिशवीत घातलं (ही कापडी). दुधाच्या खाड्यांशेजारी मी लाल पेनाने पाळीच्या तारखा मांडते, जास्त गेलं की दोन फुल्या. तिथल्या मॅडमनी सहा महिन्यांची पानं उलटून बघितली. गाठ अडीच सेंटिमीटर, हिमोग्लोबिन 7.8. अस्तराचा तुकडा तपासायला पाठवला, काही निघालं नाही. लोहाच्या आणि रक्तस्राव कमी करायच्या गोळ्या दिल्या. आता हिमोग्लोबिन 11 आहे आणि पिशवी जागेवर. माझ्या जावेची मात्र खरंच काढावी लागली, तेव्हा ऑपरेशन वाईटच असं माझं म्हणणं नाही.

सहीचं म्हणाल तर 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय. बाई भुलीखाली असताना तिच्या आईला विचारून पिशवी काढली होती. जीव धोक्यात नसताना अशी संमती चालत नाही.

2021 च्या नियमांप्रमाणे राज्यातल्या नर्सिंग होममध्ये रुग्णहक्कांची सनद लावायची असते. त्या खासगी दवाखान्यात ती होती, टीव्हीच्या वर, इंग्रजीत. आपण ती मराठीत छापाल का? पहिल्या पानावर नको, राशिभविष्याशेजारी छापा. तेवढा भाग आमच्या गल्लीत सगळ्या जणी वाचतात.

— एक वाचक, बार्शी